तीस हजार बाथ मोठे का सव्वीस?

एका वाचक मुलीचं पत्र आलंय, थोडं कमी करून देते:

"ताई नमस्कार, मी तासगावजवळच्या गावात राहते, वय २६, एम.ए. इंग्लिश आणि बी.एड. झालंय. दोन वर्षं इथल्याच एका इंग्लिश मिडियम शाळेत शिकवतेय, हातात १४ हजार येतात. आता थायलंडच्या दोन ऑफर आल्यात. पहिली बँकॉकच्या शेजारी समुत प्राकानला, पुण्यातल्या एका एजंटमार्फत, महिना ३० हजार बाथ, १० महिन्यांचा करार, रूम आपली आपण बघायची, आठवड्याला २४ पीरियड, आणि एजंट ८५ हजार रुपये प्रोसेसिंग फी मागतोय. दुसरी उदोन थानीच्या एका खासगी शाळेची, त्यांनी स्वतःच ऑनलाइन इंटरव्ह्यू घेतला, महिना २६ हजार बाथ, १२ महिने, शाळेची रूम, २० पीरियड, व्हिसा आणि वर्क परमिटची फी शाळा भरणार. घरचे म्हणतात बँकॉक ते बँकॉक, शिवाय ४ हजार जास्त. बागेच्या कर्जासाठी बाबांना महिन्याला १० हजार रुपये पाठवायचेत. एजंट म्हणतो शनिवारपर्यंत कळवा नाहीतर जागा जाईल. काय करू?"

अगं, पहिली गोष्ट, शनिवारचं टेन्शन डोक्यातून काढून टाक. थायलंडच्या शाळा मे महिन्याच्या मध्याला सुरू होतात आणि मार्च-एप्रिलमध्ये सगळीकडे टीचर शोधणं चालू असतं, या दोन महिन्यांत जागा निघत राहतात. बी.एड. झालेली, वर्गात दोन वर्षं उभी राहिलेली मुलगी त्यांना सहज मिळत नाही. घाई एजंटला आहे, कारण तू सही केलीस की त्याचे ८५ हजार पक्के.

आता पगाराचं. तू तासगावची आहेस म्हणजे बेदाण्याची पट्टी तू बघितलेली असणार. सौद्यात दर काय निघाला ते गावभर होतं, पण बाबा घरी आले की खिशातून पट्टी काढतात आणि अडत, हमाली, तोलाई वजा जाऊन खाली काय राहिलं ते बघतात, आणि मग त्यातून वर्षभराची औषधं, मजुरी, शेडचं भाडं गेलं की खरं काय उरलं ते घरात आईला सांगतात. परदेशातल्या पगाराची पण पट्टीच करायची असते. ३० हजार हा सौद्यातला दर झाला, खालची ओळ अजून कुणी तुला दाखवलेलीच नाही.

तर ती आपण करू. एका बाथला मी अडीच रुपये धरते, रेट रोज हलतो आणि सध्या थोडा जास्तच असतो पण हिशोबाला कमी धरलेला बरा.

समुत प्राकानची ऑफर १० महिन्यांची, म्हणजे वर्षाचे ३ लाख बाथ. उदोनची १२ महिन्यांची, २६ हजार गुणिले १२, म्हणजे ३ लाख १२ हजार. इथेच बघ, खर्चाला हात लावायच्या आधीच २६ वाली ऑफर ३० वालीच्या पुढे गेली. जाहिरातीत महिन्याचा आकडा मोठा छापतात आणि महिने किती ते आत कुठेतरी असतं, त्यामुळे कुठलीही ऑफर आली की सगळ्यात आधी महिने मोजायचे.

आता खर्च. बँकॉकच्या त्या पट्ट्यात बरी, सुरक्षित, एकटीला राहता येईल अशी एक खोली ७ हजार बाथ धर. आत जाताना दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं मागतात, म्हणजे पहिला पगार व्हायच्या आधीच २१ हजार बाथ टाकायचे, आपले ५२ हजार रुपये, त्यातलं डिपॉझिट परत मिळतं पण वर्षाने. लाइटचं बिल तिथे बऱ्याचदा मालकच लावतो, सरकारी रेट ४ बाथच्या आसपास असतो आणि मालक ७-८ बाथ युनिट लावतात, एसी लावला की बिल फुगतं आणि एप्रिल-मे मध्ये एसीशिवाय झोप येत नाही, म्हणून लाइट-पाणी १३०० धर. जेवण ९ हजार. तू व्हेज आहेस का ते लिहिलं नाहीस, असशील तर सांगते, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान म्हणजे तिथलं शाकाहारी जेवण, पण ते प्रत्येक गल्लीत नसतं आणि त्या खोल्यांमध्ये स्वयंपाकघर नसतं, बरेच मालक गॅस चालू देत नाहीत, मग इंडक्शनवर वरणभात आणि परत लाइटबिल. जाणंयेणं २ हजार. फोन, साबण, औषधं, कपडे, कधीतरी एखादी पार्टी मिळून १७०० आणि हे मी फार हात आखडून धरलंय. झाले २१ हजार. वर सोशल सिक्युरिटीची कपात असते, ५ टक्के म्हणतात पण तिला वर मर्यादा आहे त्यामुळे हजाराच्या आतच जाते, आपण ८०० धरू. म्हणजे २१,८०० गेले, महिन्याला ८,२०० उरले, १० महिन्यांचे ८२ हजार.

पण राहिलेले दोन महिने? तेव्हा पगार नाही पण खोली आहे, पोट आहे. २१ हजार गुणिले दोन, ४२ हजार गेले. राहिले ४० हजार. वर्क परमिटची एका वर्षाची फी ३ हजार आणि व्हिसा एक्स्टेन्शनची १,९०० तुलाच भरायचीय, म्हणजे राहिले ३५,१००. अडीचने गुणलं की ८७,७५० रुपये. हे अख्ख्या वर्षाचं. सुट्टीत घरी आलीस तर जेवणखाण वाचेल पण विमानाचं तिकीट लागेल आणि खोली सोडली नाहीस तर भाडं चालूच, फार फरक पडत नाही.

आता यातून एजंटचे ८५ हजार काढ. उरले २,७५०.

मला माहितेय हे वाचून पोटात खड्डा पडला असेल, पण मी मुद्दाम आकडे पूर्ण लिहिले, कारण "बँकॉक ते बँकॉक" म्हणणाऱ्या माणसांसमोर हा कागद ठेवायचाय तुला. तू घरी राहून १४ हजारातले आठ जरी बाजूला टाकत असशील तरी वर्षाचे ९६ हजार होतात, म्हणजे समुद्रापलीकडे जाऊन, एकटं राहून, तू घरच्यापेक्षा कमी साठवणार. आणि बाबांना वर्षाचे १ लाख २० हजार पाठवायचेत ते या ऑफरमध्ये बसतच नाहीत. एजंटची फी शून्य झाली तरी बसत नाहीत.

उदोनचं बघ. खोली शाळेची. लाइट ८००. जेवण साडेसात हजार, तिकडे ईसानमध्ये, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात, खाणं स्वस्त आहे, भाजीबाजार स्वस्त आहे. गावात सायकल किंवा भाड्याची स्कूटर, १५०० धर. बाकी किरकोळ तेच १७००. खासगी शाळांच्या टीचर्सना सोशल सिक्युरिटीऐवजी त्यांचा वेगळा निधी असतो, ३ टक्के कपात, ते पण ८०० च्या घरातच. एकूण १२,३००. उरले १३,७००, बारा महिन्यांचे १ लाख ६४ हजार ४००. रुपयात ४ लाख ११ हजार. बाबांचे १ लाख २० हजार गेले तरी २ लाख ९१ हजार राहतात, त्यातून तिकीट, अटेस्टेशन, सुरुवातीची भांडीकुंडी जाऊ दे, तरी रक्कम राहते.

टॅक्सचं विचारलं नाहीस पण कुणीतरी घाबरवेल म्हणून सांगते. थायलंडमध्ये वर्षाच्या पगारातून निम्मा खर्च म्हणून वजा होतो पण १ लाख बाथपर्यंतच, वर ६० हजार स्वतःची वजावट, आणि उरलेल्यातले पहिले दीड लाख करमुक्त. ३ लाखाला टॅक्स शून्य येतो, ३ लाख १२ हजाराला १०० बाथ. एखादी एजन्सी दर महिन्याला ३ टक्के टॅक्स म्हणून कापते म्हणाली तर विचारायचं की मला कर्मचारी म्हणून दाखवताय का फ्रीलान्सर म्हणून, कारण तशी कपात सहसा फ्रीलान्सरची असते आणि मग सोशल सिक्युरिटीचा दवाखाना पण मिळत नाही. इकडचं म्हणशील तर मे मध्ये नोकरीसाठी गेलीस की त्या आर्थिक वर्षात तुझे भारतातले दिवस १८२ च्या खूप आत राहतात, तू अनिवासी धरली जातेस आणि तिकडे कमावलेल्या पगारावर इथे टॅक्स लागत नाही. बँकेत जाऊन एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं, खातं उघडून घे, पैसे पाठवायला सोपं जातं.

आता माझं सांगते म्हणजे मी हे एवढं ठासून का लिहितेय ते कळेल. मी पण ईसानमध्येच तीन वर्षं शिकवलं, पहिलं वर्ष एका एजन्सीमार्फत. कराराच्या वर मोठ्या अक्षरात 'वार्षिक करार' लिहिलेलं, मी खुश, आणि आत सातव्या की आठव्या कलमात होतं की पगार 'अध्यापनाच्या महिन्यांत' मिळेल. मी ते वाक्य वाचलं होतं गं, वाचलं नव्हतं असं नाही, पण त्याचा अर्थ एप्रिल असा होतो हे डोक्यातच आलं नाही. मार्चमध्ये परीक्षा झाल्या, शाळा बंद, सोंगक्रानला, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणाला, सगळं गाव रस्त्यावर एकमेकांवर पाणी उडवून मोकळं झालं, आणि मी २८ एप्रिलला सेव्हन-इलेव्हनच्या बाहेरच्या एटीएमसमोर उभी, स्क्रीनवर १,१४० बाथ. एक तारखेला खोलीचे साडेतीन हजार द्यायचे होते. घरी फोन करून पैसे मागायला जीभ वळेना, कारण घरी मीच दर महिन्याला पैसे पाठवत होते आणि आईने सगळ्या नातेवाईकांना सांगून ठेवलेलं.

माझ्या बाजूच्या खोलीत एक फिलिपिनो टीचर राहायची, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, दोन मुलं तिकडे आजीकडे ठेवून आलेली. तिने चार हजार दिले, काही विचारलं नाही. मग रात्री जेवताना तिने मुलांच्या एका जुन्या टेस्ट पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बारा चौकोन काढले, प्रत्येकात महिन्याचं नाव, वर येणारा पैसा, खाली जाणारा पैसा, आणि एप्रिल आणि ऑक्टोबरच्या चौकोनाला पेनाने दोन-तीनदा गोल केला. म्हणाली ऑफर आली की आधी हे दोन चौकोन भरून घ्यायचे, मग बाकीचे दहा. तो कागद माझ्याकडे अजून आहे, घडीवर फाटलाय, मागे कुणातरी पोराने 'उंब्रेला'चं स्पेलिंग चुकवलेलं आहे.

तर तुझ्या उदोनच्या शाळेला पण हेच विचारायचं. मी म्हणते उदोन बरं, पण डोळे मिटून नाही. "१२ महिने" हे इंटरव्ह्यूमध्ये तोंडी सांगितलंय का करारात लिहिलंय? एप्रिलचा पगार पूर्ण का अर्धा? ऑक्टोबरमध्ये दोन टर्मच्या मधे सुट्टी असते, तिचा पगार आहे ना? सुट्टीत ऑफिसला बसायला लावतात का? काही शाळा सुट्टीत इंग्लिश कॅम्प घेतात, तो पगारात धरलाय का वेगळे पैसे देतात? मे मध्ये १५-१६ तारखेला जॉइन झालीस तर मे चा पगार अर्धाच येणार हे तर गृहीतच धर, आणि तो पण महिनाअखेरीला, म्हणून जाताना दीड-दोन महिन्यांचा खर्च स्वतःकडे पाहिजे, निदान २५-३० हजार बाथ. उदोनला डिपॉझिट नाही म्हणून एवढ्यात भागतं.

"शाळेची रूम" म्हणजे काय ते पण नीट विचार. एकटीची का शेअरिंगची, बाथरूम आत आहे का, दाराला आतून कडी आहे का, लाइट कोण भरणार, शाळेच्या आवारात आहे का बाहेर, रात्री गेट किती वाजता बंद होतं. फोटो नको, व्हिडिओ मागव. लाजू नकोस, तिथल्या टीचर सगळ्या हे विचारतात.

आणि पीरियड. २० आणि २४ मध्ये चारचाच फरक दिसतो, पण पीरियड म्हणजे फक्त वर्गात उभं राहायचं. त्याच्या बाहेर सकाळी गेट ड्युटी असते, साडेसातच्या आत गेटवर उभं राहायचं, पोरं हात जोडून वाकून नमस्कार करत आत येतात, प्रत्येकाला तसंच उत्तर द्यायचं, मग ८ वाजता झेंडा आणि राष्ट्रगीत, आणि संध्याकाळी साडेचारपर्यंत शाळेतच बसायचं. (ही गेट ड्युटी मला फार आवडायची, दुसरीतली एक मुलगी रोज मला एक फूल द्यायची आणि दुपारी परत मागून न्यायची.) एका वर्गात ४५-५० पोरं असली तर वह्या तपासायलाच जीव जातो. म्हणून विचार, वर्गात मुलं किती, किती वेगवेगळ्या इयत्ता, पुस्तक शाळा देते का सगळं आपण बनवायचं. २४ पीरियड आणि सहा इयत्ता असतील तर रोज रात्री तयारी करत बसशील आणि तासाचा हिशोब काढलास तर ते ३० हजार अजून छोटे दिसतील.

एजंटबद्दल थोडं रागाने लिहितेय, समजून घे. आपल्याकडे परदेशी नोकरीला माणसं पाठवायला सरकारी परवाना लागतो, १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे, आणि परवाना असलेल्या एजंटला सुद्धा उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, पावती देऊन. ८५ हजार कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. उद्याच त्याला मेसेज कर, तुमचा परवाना नंबर द्या आणि फीची पावती कशाची देणार ते सांगा. नंबर दिला तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपास, तिथे परवानाधारक एजंटांची यादी आहे. ते "आम्ही कन्सल्टन्सी आहोत, एजंट नाही" असं काहीतरी म्हणतील. म्हणू देत. नोकरी लावायचे पैसे घेतोय ना, मग एजंटच. आणि ओरिजिनल डिग्री किंवा पासपोर्ट "फाइलसाठी" ठेवून घेतो म्हणाला तर तिथून उठून ये, सरळ.

दुसरं एक वाक्य हे लोक हमखास बोलतात, "तुम्ही टुरिस्ट म्हणून या, तिथे गेल्यावर आम्ही व्हिसा बदलून देतो." नाही म्हणायचं. शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, त्यासाठी शाळेची कागदपत्रं लागतात, आता अर्ज ऑनलाइनच होतो. तो व्हिसा घेऊन जायचं आणि तिथे वर्क परमिट निघतं. परमिटशिवाय शिकवताना सापडलीस तर ५ हजार ते ५० हजार बाथ दंड आणि देशाबाहेर काढतात, आणि दंड तुला होतो, एजंट पुण्यात बसलेला असतो. हे मी पगाराच्या पत्रात का लिहितेय, तर व्हिसा हा पगाराचाच भाग आहे. परमिट त्या शाळेच्या नावावर असतं, नोकरी सोडली की ते परमिट आणि व्हिसा दोन्ही जातात, म्हणजे तिकडे गेल्यावर "जमलं नाही तर दुसरी बघू" एवढं सोपं नसतं. करारात नोटीस किती दिवसांची, मधेच सोडलं तर दंड आहे का, आणि शाळेने काढलं तर काय देणार, या तीन ओळी दोनदा वाच.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमधूनच मिळतं, फी ५०० रुपये, आताच अर्ज टाकून ठेव, गावाकडचं व्हेरिफिकेशन कधीकधी रेंगाळतं. डिग्रीचं अटेस्टेशन आधी राज्याचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग थायलंडच्या वकिलातीचं, मुंबईत त्यांचं कॉन्सुलेट आहे. याचा खर्च कोण करणार हे विचार, बऱ्याच शाळा नाही करत, पण विचारल्याशिवाय तर कुणीच करत नाही.

आता एक कडू गोष्ट. तू जाहिराती बघशील तेव्हा 'नेटिव्ह स्पीकर' ४० हजार आणि खाली त्याच शाळेत त्याच वर्गांसाठी 'नॉन-नेटिव्ह' २५ हजार असं दिसेल. त्यांना पासपोर्ट बघून ठरवायचंय, तुझं इंग्लिश ऐकून नाही. मला पहिल्या वर्षी हे फार लागलं होतं, बाजूच्या वर्गात एकवीस वर्षांचा पोरगा, बॅचलर कुठल्या तरी भलत्याच विषयात, वर्गात गिटार वाजवायचा आणि माझ्यापेक्षा १४ हजार जास्त घ्यायचा, आणि व्याकरणाची शंका आली की माझ्याकडे यायचा. हे एका रात्रीत बदलणार नाही. पण म्हणून पहिला आकडा गपगुमान घ्यायचा असंही नाही. थायलंडमध्ये शिकवायला तिथल्या टीचर्स कौन्सिलचा परवाना किंवा तात्पुरती परवानगी लागते, आणि शिक्षणशास्त्राची डिग्री नसलेल्यांची त्यात फार ओढाताण होते. तुझ्याकडे बी.एड. आहे. हे तुझं वजन आहे, इंटरव्ह्यूमध्ये ते तू एकदा तरी मोठ्याने बोललीस का? टोइक किंवा आयल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षांचा चांगला स्कोर असेल तर तोही पुढे कर, नॉन-नेटिव्हकडून तो मागतातच.

उदोनच्या शाळेला मेल लिही, थाई लोकांना चढा सूर आवडत नाही, गोड पण स्पष्ट लिहायचं. की तुमची शाळा मला आवडली, मला यायचंच आहे, माझ्याकडे बी.एड. आणि दोन वर्षांचा वर्गाचा अनुभव आहे, तर २८ हजारांचा विचार होऊ शकेल का, आणि तो शक्य नसेल तर वर्ष पूर्ण केल्यावर एक महिन्याचा पगार बोनस किंवा परतीचं तिकीट करारात घालता येईल का. महिन्याचा पगार वाढवायला शाळेला वरून मंजुरी लागते, बाकीच्या टीचर्सना कळलं तर कुरबुर होते, पण वर्षअखेरचा बोनस किंवा तिकीट द्यायला ते सहज तयार होतात, माझं दुसऱ्या वर्षी तसंच झालं. नाही म्हणाले तरी ऑफर काढून घेत नाहीत, त्याची भीती नको.

आणि शाळेत आत्ता शिकवणाऱ्या एखाद्या परदेशी टीचरशी दहा मिनिटं बोलायला माग. शक्यतो नॉन-नेटिव्ह. तिला एकच विचार, गेल्या एप्रिलचा पगार कुठल्या तारखेला आला. शाळेने बोलूच दिलं नाही तर मात्र मी पण दोनदा विचार करेन.

तुझ्यासारखीच पत्रं व्हिएतनाम आणि गल्फची पण येतात म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. व्हिएतनामचे इंग्लिश सेंटरवाले तासावर रेट सांगतात, तिथे महिन्याला किमान किती तास पक्के ते लिहून घ्यायचं, नाहीतर टेटच्या, म्हणजे तिकडच्या नववर्षाच्या, सुट्टीत हात रिकामे, आणि जे १८३ दिवसांपेक्षा कमी राहतात त्यांना सरसकट २० टक्के टॅक्स लागतो, म्हणजे सहा महिन्यांच्या आत परत यायचा विचार असेल तर तो पाचवा हिस्सा आधीच वजा धरा. यूएईत पगारावर टॅक्स नाही हे खरं, पण ऑफरमध्ये बेसिक किती आणि अलाउन्स किती ते बघा, कारण नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांची, आणि काही जण एकूण आकडा मोठा दाखवून बेसिक अगदी बारीक ठेवतात.

बाबांना काय सांगायचं विचारलं नाहीस पण तेच अवघड वाटत असणार तुला. त्यांच्यासमोर कागदावर बारा चौकोन काढ, दोन्ही ऑफरचे, आणि भरायला त्यांनाच सांग. जो माणूस दरवर्षी बागेचा खर्च लिहितो त्याला हे दोन मिनिटांत कळेल, तुला समजावत बसायला लागणार नाही. फक्त आकडे माझे जसेच्या तसे घेऊ नकोस, उदोनच्या त्या टीचरला भाजी, लाइट, स्कूटरचं विचारून तुझे टाक.

एजंटला परवान्याचा मेसेज उद्या, उदोनला मेल पण उद्याच. करार आला की सही करायच्या आधी मला पाठव, नाव-गाव खोडून चालेल, ते सातवं-आठवं कलम मी स्वतः वाचते.